जुन्या सीजे थ्री-बीच्या मागच्या ॲक्सलला लिमिटेड स्लिप बसवताना

दिंडोरीकडच्या एका तरुण बागायतदाराने विचारलं आहे. आजोबांच्या वेळची महिंद्राची सीजे थ्री-बी, पेट्रोल इंजिनाची, त्याने वर्षभर खपून पुन्हा उभी केली. पावसाळ्यात द्राक्षबागेच्या वाटेवर मागचं एक चाक जागच्या जागी फिरतं आणि दुसरं ढिम्म उभं राहतं. मागच्या ॲक्सलला लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल, म्हणजे एक चाक नुसतं फिरू लागलं तरी दुसऱ्याला जोर देणारं डिफरेन्शियल, बसवावं का, कोणतं बसवावं, आणि हे काम नाशिकमध्ये नीट होईल का?

नाशिकमध्ये नीट होतं. अंबडला माझ्या वर्कशॉपमध्ये मी जीपचे ॲक्सल उघडतो त्याला तीस वर्षं होऊन गेली, आणि तुमच्या गाडीला प्लेटचं लिमिटेड स्लिप बसवा असंच मी सांगेन. मात्र किट आणलं, बोल्ट आवळले आणि झालं, असं हे काम नाही. यातला मोठा भाग मोजण्याचा आहे. ज्याच्याकडे डायल गेज, म्हणजे बारीक फट मोजणारं घड्याळासारखं उपकरण, नाही, किंवा असून तो पेटीतच राहतो, त्याच्या हातात हा ॲक्सल देऊ नका. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक खात्री करून घ्या: पुढचा ॲक्सल खरंच ओढतो का? बऱ्याच जुन्या जीपचा पुढचा प्रोपेलर शाफ्ट कधीतरी कोणीतरी आवाज येतो म्हणून काढून ठेवलेला असतो, नाहीतर हब लॉक फिरवायचंच राहून जातं. ओल्या मातीत फोर व्हील टाका आणि एकाला बाहेर उभं करून बघायला सांगा, गाडी अडकली की पुढचं एखादं चाक फिरतं का. फिरत नसेल तर तो दोष आधी काढा. त्याला खर्च कमी आणि फरक मोठा. टायरही बघा. हायवेचा टायर आपल्या काळ्या मातीत दोन फेऱ्यांत लिंपून गुळगुळीत होतो. मग ॲक्सलच्या आत काहीही बसवलं तरी बाहेर माती धरायला काही उरत नाही.

हे सगळं ठीक असूनही गाडी का अडकते ते सांगतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून साधं डिफरेन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतं. जोर मात्र ते दोन्हीकडे सारखाच वाटतं, आणि मेख इथेच आहे. समजा डावं चाक चिखलात आहे आणि १०० न्यूटन-मीटरलाच घसरतं. मग उजव्या चाकाखाली पक्का मुरूम असला तरी त्यालाही १०० च मिळणार. एकूण २००. लिमिटेड स्लिपमध्ये साइड गिअरच्या, म्हणजे एकेका चाकाचा शाफ्ट फिरवणाऱ्या गिअरच्या, पाठीमागे प्लेटांची थप्पी असते. एक प्लेट गिअरला धरलेली, पुढची केजला, म्हणजे हे सगळे गिअर ज्यात बसतात त्या डब्याला, पुन्हा एक गिअरला. स्प्रिंग त्यांना कायम थोडं दाबून ठेवते. शिवाय जोर वाढला की मधले छोटे स्पायडर गिअर साइड गिअरना बाहेर ढकलतात, तो दाबही या थप्पीवर येतो. डावं चाक पळायला लागलं की प्लेटा त्याला आवरतात आणि तो जोर उजवीकडे जातो. प्रमाण अडीचास एक असेल तर डावीकडे १०० असताना उजवीकडे २५० मिळतात. एकूण ३५०. तुमच्या बागेच्या वाटेवरून निघायला हे बहुतेक वेळा पुरतं.

आणि चाक पूर्ण अधांतरी गेलं तर? शून्याची अडीचपट शून्यच. तिथे स्प्रिंगचा जो कायमचा दाब आहे तेवढाच उपयोगी पडतो. म्हणून नुसत्या गिअरवर चालणारं, टॉर्सन जातीचं डिफरेन्शियल डांबरी रस्त्यावर कितीही छान असलं तरी बांधावरून उतरताना एक चाक हवेत सोडणाऱ्या जीपला मी प्लेटचंच सुचवतो. अशा वेळी पायाने ब्रेक किंचित धरून हळू ॲक्सिलरेटर द्यायचा. हवेतल्या चाकाला ब्रेकचा भार मिळतो, आणि त्याच्या पटीत जमिनीवरच्या चाकाला जोर जातो.

ही युक्ती मुळात रेसच्या गाड्यांसाठी निघाली. १९३० च्या दशकात ऑटो युनियन या जर्मन कंपनीच्या ग्रां प्री गाड्यांची ताकद इतकी होती की वळणातून निघताना एक चाक नुसतं जळायचं. त्यावर उपाय म्हणून झेडएफ या जर्मन कंपनीने लिमिटेड स्लिप तयार केलं. नव्वद वर्षांत तत्त्व तेच राहिलं आहे.

लॉकर बसवा असंही कोणी सांगेल. लॉकर जोर पडला की दोन्ही चाकं एकत्र जखडतो, त्यामुळे चिखलात तो लिमिटेड स्लिपपेक्षा सरस. पण तुमच्या जीपचा व्हीलबेस फक्त ८० इंच आहे आणि तुम्ही ती गावातून, त्र्यंबक रोडने, कधी कसाऱ्याच्या घाटातही नेणार. आखूड गाडीत आपोआप लागणारा लॉकर वळणावर अचानक सुटतो-लागतो आणि तो झटका थेट स्टेअरिंगला कळतो. नुसतीच ऑफरोडला नेणारी गाडी असेल तर मी वेगळा विचार केला असता.

आणि वेल्डिंगचा विचार मनातून काढूनच टाका. स्पायडर गिअर वेल्ड मारून जाम करायचे, की फुकटात लॉकर, असं सांगणारे आहेत. इगतपुरीकडची अशी एक जीप टोचन करून माझ्याकडे आली होती. मागचं उजवं चाक ड्रमसकट अर्धा फूट बाहेर सरकलेलं. आतला हाफ शाफ्ट काढून टेबलावर ठेवला तर त्याच्या स्प्लाइन, म्हणजे आतल्या टोकावरच्या लांबट खाचा, दोर पिळल्यासारख्या तिरक्या झालेल्या, आणि टेपरच्या, म्हणजे हब बसतो त्या निमुळत्या टोकाच्या, मुळाशी तो तुटलेला. ही मोड रस्त्यावर वेगात झाली असती तर चाक गाडीआधी पुढे गेलं असतं. सीजेचा मागचा ॲक्सल सेमी-फ्लोटिंग आहे, म्हणजे चाक धरून ठेवणारा शाफ्टच असतो. शाफ्ट तुटला की चाक गेलं.

तेच कारण लिमिटेड स्लिपलाही थोडं लागू होतं, म्हणून शाफ्टची तपासणी मी कधी सोडत नाही. साध्या डिफरेन्शियलमध्ये एका शाफ्टवर निम्म्याहून जास्त जोर येतच नाही. लिमिटेड स्लिपमध्ये येऊ शकतो. लो रेंजमध्ये ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारा गिअरचा डबा) २.४६, क्राऊन-पिनियनचे (ॲक्सलमधली मोठ्या-छोट्या गिअरची जोडी) ५.३८ आणि जुन्या तीन गिअरच्या बॉक्सचे पहिल्या गिअरला साधारण २.८ धरले तर इंजिनाचा जोर ३७ पट होऊन ॲक्सलकडे जातो. पन्नास वर्षं जुन्या पोलादाने हे सहन करायचं आहे. शाफ्ट रॉकेलमध्ये धुवून स्प्लाइनवर पट्टी धरा. रेषा जराही तिरकी दिसली तर तो शाफ्ट बाद. मग टेपरवरचा चावीचा, म्हणजे हबला शाफ्टशी जखडणाऱ्या लोखंडी तुकड्याचा, गाळा बघा. चीर सुरू होते ती या गाळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून, आणि डोळ्यांना ती दिसत नाही. अंबड-सातपूर एमआयडीसीत डाय पेनिट्रंट टेस्ट करून देणारे सहज मिळतात. लाल रंग लावून पुसला आणि पांढरा डेव्हलपर फवारला की चीर असेल तिथे लाल केसासारखी रेघ उमटते. मी पाहिलेल्या शाफ्टमध्ये अशी रेघ अनेकदा निघाली आहे, तीही ज्या गाड्यांना काहीच त्रास नव्हता त्यांच्यात.

आता किट. सीजे थ्री-बीला मागे डाना ४४ ॲक्सल असतो, पण आपल्याकडे इतक्या वर्षांत कोणत्या गाडीला कोणता ॲक्सल लागला असेल सांगता येत नाही. हाउसिंगवर ४४ आकडा ओतलेला आहे का आणि मागच्या झाकणाला दहा बोल्ट आहेत का, ते बघा. झाकण उघडून क्राऊनचे आणि पिनियनचे दात मोजा. ४३ आणि ८ निघाले तर ५.३८. हे महत्त्वाचं, कारण डाना ४४ च्या केज दोन प्रकारच्या असतात: ३.७३ आणि त्याखालच्या रेशोला एक, ३.९२ आणि त्यावरच्या रेशोला दुसरी. चुकीची आणली तर क्राऊन पिनियनपर्यंत पोचणारच नाही. मग शाफ्टच्या स्प्लाइन मोजा. १०, १९, ३० अशा तिन्ही सापडतात. हल्ली बाहेरून येणारी बरीच किट ३० ची असतात आणि ती तुमच्या टेपर शाफ्टला बसत नाहीत. मी ऑर्डर देण्याआधी शाफ्टच्या टोकाला कागद दाबून त्याचा ठसा घेतो आणि तो समोर ठेवूनच बोलतो.

एक गोष्ट किट विकणाराही बहुधा सांगत नाही. टेपर शाफ्टच्या ॲक्सलमध्ये दोन शाफ्टची आतली टोकं डिफरेन्शियलच्या मधोमध एका छोट्या ठोकळ्याला टेकतात, त्याला थ्रस्ट ब्लॉक म्हणतात. एक शाफ्ट आत सरकू लागला की ठोकळ्यातून तो भार दुसऱ्या बाजूच्या बेअरिंगवर जातो. नव्या केजमध्ये या ठोकळ्याची सोय नसेल तर शाफ्टला आत थांबवायला काहीच नाही. पहिल्या तीव्र वळणावर चाक आत-बाहेर हलेल आणि ब्रेक शू ड्रमला घासतील. म्हणून टेपर शाफ्टसाठीचीच केज मागा आणि थ्रस्ट ब्लॉक बरोबर येतो का, हे लेखी विचारून घ्या. कुर्ल्याच्या भंगार बाजारात जुनी केज मिळाली तर प्लेटा नव्या टाकून ती चालवता येते, पण प्लेटा जिथे बसतात त्या खाचांना पायरी पडलेली नसावी. बोटाचं नख फिरवा. नख अडकलं तर घेऊ नका.

बसवताना माझी पद्धत अशी. गाडी दोन्ही बाजूंनी घोडीवर घ्यायची, पुढच्या चाकांना दगड लावायचे. टेपरवरचा हब काढायला दणकट पुलर लागतो. पुलर लावताना शाफ्टचं नट पूर्ण काढू नका, दोन आटे धरून राहू द्या. टेपर सुटतो तेव्हा बंदुकीच्या बारासारखा आवाज होऊन ड्रम झेपावतो, आणि समोर पोटरी असेल तर तिची धडगत नसते.

केज बाहेर काढण्याआधी, म्हणजे जुनी जोडी अजून जागेवर असताना, क्राऊन-पिनियनमधला प्ले, म्हणजे दातांमधली मोकळीक, डायल गेजने चार ठिकाणी मोजून भिंतीवर लिहून ठेवा. नव्या जोडीला इंचाच्या हजाराव्या भागात पाच ते नऊ, म्हणजे ०.१३ ते ०.२३ मिलिमीटर ठेवतात. तुमची जोडी मात्र पन्नास वर्षं एकमेकांशी घासून जुळलेली आहे. ती आजवर आवाज न करता चालली असेल आणि प्ले अकरा-बारा निघाला तरी मी तोच परत आणतो. पुस्तकातला आकडा गाठायला गेलं की जुने दात नव्या जागी टेकतात आणि ताशी चाळीसला ॲक्सल घरघरायला लागतो. दातांना निळा रंग किंवा तेलात कालवलेला शेंदूर लावून फिरवा आणि दातांवर उमटलेल्या ठशाचा फोटो काढून ठेवा. तो ठसा तुमचा खरा नकाशा आहे. शेंदूर वापरलात तर जेवणाआधी हात साबणाने धुवा, त्यात शिसं असतं.

पिनियनला हात लावू नका. क्राऊन-पिनियन तेच ठेवत असाल आणि पिनियनचं बेअरिंग चांगलं असेल तर पिनियनची खोली आहे तीच बरोबर आहे. बदलतेय फक्त केज, म्हणून मोजायचं तेही फक्त केजपाशी. मला अनेक मेकॅनिक असे भेटले की उघडलंच आहे म्हणून पिनियनही काढतात, शिम, म्हणजे जागा जुळवणाऱ्या पातळ चकत्या, इकडच्या तिकडे होतात, आणि दोन दिवसांचं काम दोन आठवडे चालतं.

बेअरिंगच्या टोप्या सोडण्याआधी त्यांना पंचने खुणा करा. डावी-उजवी, वर-खाली, काही बदलता कामा नये, त्या हाउसिंगबरोबरच बोअर केलेल्या असतात. हाउसिंग स्प्रेडरने फाकवताना डायल गेज लावा आणि अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका. त्यापुढे ओतीव हाउसिंग पूर्ण मागे येत नाही.

डाना ४४ मध्ये शिम बेअरिंगच्या आणि केजच्या मध्ये असतात. एक शिम बदलायचा तर बेअरिंग खेचून काढावं लागतं, आणि दरवेळी खेचलं की बेअरिंग खराब. म्हणून मी एक जोडी जुन्या बेअरिंगचं भोक आतून घासून सैल करून ठेवली आहे. ती हाताने केजवर सरकते. आधी जुन्या आणि नव्या केजवर क्राऊनच्या बैठकीपासून बेअरिंगच्या बैठकीपर्यंतचं अंतर मोजायचं, फरकाएवढा शिम कमी-जास्त करायचा, सैल बेअरिंग घालून केज बसवायची, प्ले बघायचा, ठसा बघायचा, पुन्हा काढायची. हे सात-आठ वेळा होतं. हजारात दहाचा शिम एका बाजूने काढून दुसऱ्या बाजूला घातला की प्ले साधारण सातने बदलतो, एवढा हिशेब डोक्यात असला की हात वाया जात नाही. ठसा फोटोशी जुळला की मगच नवी बेअरिंग तेलात गरम करून चढवायची आणि दोन्ही बाजू मिळून हजारात पंधरापर्यंत शिम जादा घालायचा. बेअरिंगवरचा ताण तो. तो नसेल तर भर जोरात क्राऊन पिनियनपासून दूर सरकतो.

क्राऊन केजवर हातोड्याने बसवू नका. गरम करा, दोन लांब बोल्ट दिशेसाठी लावा, तो आपल्या वजनाने खाली बसतो. बोल्ट नवे, आट्यांना लॉकटाइट, समोरासमोर आवळत तीन टप्प्यांत ७० ते ८० न्यूटन-मीटरपर्यंत. प्लेटा एकत्र जोडण्याआधी ऑइलमध्ये अर्धा तास बुडवून ठेवा. कोरड्या प्लेटा पहिल्याच वळणावर करपतात. शाफ्ट परत घातल्यावर आत-बाहेरचा प्ले मी हजारात चार ते सहा ठेवतो, म्हणजे ०.१० ते ०.१५ मिलिमीटर, आणि तो ब्रेकच्या बॅकिंग प्लेटमागच्या शिमने जुळवतो. टेपरला आणि हबच्या भोकाला ग्रीस लावू नका. दोन्ही कोरडे, पुसलेले हवेत. हबचं नट टॉर्क रेंचने आवळा, पन्नास-शंभर किलोमीटर चालवून पुन्हा तपासा. सैल हब चावी कापतो आणि मग चाक शाफ्टवर मोकळं फिरतं.

ऑइल जीएल-५ दर्जाचं, ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४०, त्यात प्लेटांसाठीचं फ्रिक्शन मॉडिफायर. ते न घातल्यास वळताना मागून गुरगुरल्यासारखा थरथराट येतो आणि लोकांना वाटतं डिफरेन्शियल गेलं. हेच जीएल-५ गिअरबॉक्समध्ये ओतू नका, तिथल्या पितळी रिंगांना ते मानवत नाही. पहिल्या दिवशी मोकळ्या मैदानात अगदी हळू आठचा आकडा काढत दहा-पंधरा मिनिटं फिरवा म्हणजे मॉडिफायर प्लेटांमध्ये शिरतं. साधारण ८०० किलोमीटरला पहिलं ऑइल काढून नवं भरा.

आता जे लिहितो ते गाडीजवळ फिरणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा, घरातल्यांना, सालगड्याला, पंक्चरवाल्यालाही. मागचं एकच चाक जॅकवर असताना इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही. साध्या डिफरेन्शियलमध्ये उचललेलं चाक नुसतं फिरतं. आता जमिनीवरचं चाकही ओढेल आणि गाडी जॅकवरून चालू पडेल. माझ्या ओळखीच्या एका गॅरेजमध्ये ड्रमचा आवाज ऐकायला एका मुलाने असंच केलं. जीप भिंतीवर गेली. तो मधे नव्हता म्हणून वाचला. मी डॅशवर पत्र्याची छोटी पाटी लावतो: मागे लिमिटेड स्लिप, दोन्ही चाकं उचला.

मागचे दोन्ही टायर एकाच कंपनीचे, सारखे झिजलेले हवेत. खडूची खूण करून एक फेरा जमिनीवर चालवून घेर मोजा. दोन चाकांच्या घेरात फरक असेल तर सरळ रस्त्यावरही प्लेटा अखंड घासत राहतात. चालवण्यात एक बदल जाणवेल: पावसात डांबरावर वळताना जोरात ॲक्सिलरेटर दिलात तर पूर्वी एकच चाक घसरायचं आणि दुसरं शेपूट धरून ठेवायचं, आता दोन्ही एकदम घसरतील आणि मागचा भाग बाहेर जाईल. जव्हारच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात पहिल्या पावसात पाय हलका ठेवा. पुढच्या ॲक्सलला मात्र हे बसवू नका, चिखलात स्टेअरिंग हाताला जड होतं आणि गाडी सरळच जाऊ बघते.

तुमची मूळ केज, स्पायडर, थ्रस्ट ब्लॉक आणि शिम फेकू नका. शिमवर डावा-उजवा लिहून, सगळं ग्रीस लावून तेलकट कागदात गुंडाळा आणि कोरड्या जागी ठेवा. जुना प्ले आणि ठशाचा फोटो त्याच डब्यात टाका. उद्या गाडी पुन्हा मूळ रूपात न्यायची झाली तर उघडणाऱ्याला सगळं तिथेच मिळेल.